बसायला दुसरी जागा

‘बसणे’ हे मराठीतलं किती साधं क्रियापद. पण संध्याकाळी सहा-साडेसहाला मित्राचा फोन येतो, ‘‘काय, आज बसायचं का?’’ आणि कुठे, कशासाठी, हे विचारावं लागत नाही. दारूचं नावही न घेता दारूचं आमंत्रण देता येतं, ते या एका शब्दात. दारू सोडण्यातली सगळ्यात अवघड गोष्टही याच शब्दात आहे, असं मला वाटतं. दारूबरोबर ठरलेली वेळ सुटते, ठरलेलं टेबल सुटतं, समोरचा चकणा आणि आपलं ऐकून घेणारी चार माणसंही सुटतात. उपचार घेऊन घरी आलेल्या माणसाला सात वाजले की बसायला जागा उरत नाही. घरात बसला तर सगळ्यांचे डोळे त्याच्या हातांकडे, चालण्याकडे. जवळून जाताना प्रत्येक जण वास घेतो. बाहेर पडला तर पाय ओळखीच्या रस्त्याला लागतात.

माझा धाकटा भाऊ सतरा वर्षं प्यायला. आता नऊ वर्षं झाली, तो पीत नाही. हा लेख लिहू का, असं त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, ‘‘ताई, नाव तेवढं नको. बाकी सगळं लिही, आणि मला तिसऱ्या ठिकाणी जमलं हे आधी लिही.’’ म्हणून तेच आधी लिहिते. त्याला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे सगळे ज्याला ‘एए’ म्हणतात त्या मदतगटाच्या, तीन वेगवेगळ्या सभा पाहाव्या लागल्या. पहिल्या सभेत सगळे वयाने मोठे होते, वीस-वीस पंचवीस-पंचवीस वर्षं दारूपासून दूर असलेले. त्यांची प्रसन्नता बघून हा आणखी खचला. ‘‘ती साधू माणसं आहेत, मी त्यांच्यातला नाही,’’ म्हणत परत आला. दुसरी सभा चांगली होती, माणसंही आपली वाटली. पण ती एसटी स्टँडच्या मागे भरायची आणि याचं रोजचं दुकान स्टँडच्या तोंडावरच. जाताना टळायचं, येताना टळायचं नाही. तिसरी सापडली ती आमच्या गावापासून अकरा किलोमीटरवर, तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गात.

त्या वर्गात मी पुढे एकदा गेले, कारण महिन्यातून एक सभा घरच्यांसाठी खुली असायची. तिसरीच्या मुलांचे बाक ते. त्यावर चाळीस-पन्नास वर्षांचे पुरुष गुडघे छातीशी घेऊन बसलेले. भिंतीवर पाढे, महिन्यांची नावं, पावसाळ्याचं चित्र. फळ्यावर सकाळचं वजाबाकीचं गणित तसंच होतं. ते पुसायचं नाही, ही शाळेने घातलेली एकमेव अट. कोपऱ्यात चहाची किटली. एक जण बोलायला उठला, पहिलं नाव सांगितलं, ‘‘मी अल्कोहोलिक आहे’’ म्हणाला, आणि बाकीच्यांनी त्याच्या नावाने त्याला नमस्कार केला. मग तो बोलत राहिला आणि बाकी सगळे गप्प राहिले. काय बोलला ते मी लिहिणार नाही. खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं असतं. मला त्या गप्प राहण्याचंच नवल वाटलं. आपल्याकडे कुणी दुखणं सांगितलं की पाच जण सल्ला देतात. दारुड्याला तर आयुष्यभर सल्लाच मिळालेला असतो, आईचा, बायकोचा, सासऱ्याचा, साहेबांचा, पोलीसपाटलाचा. इथे मध्येच बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही, आपली पाळी आली की फक्त स्वतःबद्दल बोलायचं.

ही पद्धत कुणी टेबलाशी बसून आखलेली नाही. १९३५ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल, बिल विल्सन, धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अॅक्रन या शहरात आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, आत हसण्याचे आवाज. आज आपण आत जाणार, हे त्याला कळून चुकलं. दुसऱ्या बाजूला चर्चच्या पत्त्यांची यादी लावली होती. त्याने त्या यादीतले फोन लावायला सुरुवात केली, आणि मागणी अशी केली की माझी भेट दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी घालून द्या. असा एक माणूस निघाला, गावातले शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असं बजावून ते आले आणि रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. त्याआधी डॉ. बॉबना अनेकांनी समजावलं होतं, पण स्वतःची दारू सांगत बसलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. त्यानंतर एकदा ते पुन्हा प्यायले. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस, आणि एएचा स्थापनादिन म्हणून तोच पाळतात. म्हणजे पहिली सभा दोघांचीच होती, आणि बोलण्याची गरज उपदेश करायला गेलेल्याला जास्त होती. भारतात हे काम १९५७ साली दिल्लीत सुरू झालं. आज मुंबईत एकाच संध्याकाळी इंग्रजी, हिंदी, मराठी, कोकणी अशा निरनिराळ्या भाषांतल्या सभा भरतात.

सभा इतक्या वेगळ्या का असतात, याचं उत्तर त्यांच्या रचनेतच आहे. एएच्या ज्या बारा परंपरा आहेत, त्यांतली चौथी प्रत्येक गटाला आपला कारभार आपण पाहायची मोकळीक देते. वर कुणी साहेब नाही, शाखाप्रमुख नाही. तिसरी परंपरा सांगते की सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच पात्रता लागते. सातवी सांगते की बाहेरचा पैसा घ्यायचा नाही. सभेच्या शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे, नाही टाकले तरी कुणी बघत नाही. त्यातून चहा आणि खोलीचं भाडं. या मोकळिकीमुळे एका गटात प्रार्थना लांबते, दुसऱ्यात वाचन. कुठे एकच जण आपली कहाणी तासभर सांगतो, कुठे प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात, कुठे एएने दारूतून बाहेर येण्यासाठी आखलेल्या बारा पायऱ्यांतली एकेक पायरी घेऊन आठवडाभर घोटतात. काही सभा बंद असतात, म्हणजे फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी. काही खुल्या, जिथे घरचे, विद्यार्थी, डॉक्टर कुणीही येऊन मागे बसू शकतं. एक सभा आवडली नाही म्हणजे हा मार्गच आपला नाही, असं समजून कितीतरी माणसं परततात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. एका शाळेत पोराचं मन रमलं नाही म्हणून आपण त्याचं शिक्षण थांबवत नाही. चार-सहा वेगवेगळ्या सभा पाहिल्याशिवाय मत बनवू नये, असं या वाटेवरचे जुने लोक सांगतात, ते खरं आहे.

निवड करताना सगळ्यात आधी बघायची ती वेळ, कारण दारूला वेळ असते. कुणाची साडेसातची, कुणाची दुपारी जेवणाआधीची, कुणाची सकाळी दूध आणायला जातानाची. सभा त्याच वेळेची शोधावी. माझा भाऊ साडेसहाला अस्वस्थ व्हायचा, आणि त्याची सभा साडेसहाला सुरू होऊन आठला संपायची. घरी पोचेपर्यंत पावणेनऊ, मग जेवण. दिवसाचा धोक्याचा तुकडा तिथेच संपायचा. रविवारी सकाळी दहाची सभा सोयीची वाटते, सुट्टीही असते, पण ज्याला शनिवारी रात्री प्यायची सवय आहे त्याला ती बारा तास उशिरा मिळते. त्यानंतर रस्ता. सभेला जाण्यायेण्याच्या वाटेवर आपलं परमिट रूम, आपला देशीचा गुत्ता, उधारी देणारी टपरी आहे का? असेल तर लांबचा वळसा घ्यावा, नाहीतर दुसरी सभा बघावी. पहिल्या तीन महिन्यांत मनाच्या निग्रहावर फार भिस्त ठेवू नये.

मग भाषा. इंग्रजी शिकलेल्या माणसांना वाटतं, आपल्याला काय, कुठेही चालेल. चालत नाही. ज्या भाषेत माणूस बायकोवर ओरडला, आईच्या पर्समधून पैसे काढले नाहीत म्हणून शपथेवर खोटं बोलला, त्याच भाषेत त्याला खरं बोलता यायला हवं. मुंबईत, पुण्यात इंग्रजी सभेत नीटनेटकं बोलून येणारी आणि आतून कोरडी राहणारी मराठी माणसं मला माहीत आहेत. याच्या उलट एखादा माणूस मराठीत इतका सराईतपणे भाषण करतो की स्वतःलाच फसवतो. त्याला हिंदीत अडखळत बोललेलं जास्त उपयोगी पडतं. हे करूनच कळतं.

लहान गावात ओळखीचा प्रश्न मोठा. नाव गुप्त ठेवायचं तत्त्व कितीही पक्कं असलं, तरी तालुक्याच्या गावात पतपेढीचा कारकून आणि पतपेढीचा कर्जदार एकाच बाकावर आले तर दोघांनाही घाम फुटतो. म्हणून अनेक जण मुद्दाम पुढच्या गावची सभा धरतात. भावाने अकरा किलोमीटर जाण्याचं हेही एक कारण होतं. पुढे चार-पाच महिन्यांनी ही भीती बरीच ओसरते, कारण तो पितो हे गावाला ठाऊकच असतं. लपून राहिलेलं असतं ते त्याने सोडल्याचं.

सभेचा पत्ता मिळवणं आता फार कठीण नाही. एएच्या भारतातल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर गावानुसार याद्या असतात, फोन क्रमांक असतात. तो फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेला सभासद असतो. तो तुम्हाला आडनाव विचारत नाही. मात्र याद्या जुन्या होतात. म्हणून फोनवर विचारून घ्यावं की ही सभा आजही भरते ना, मराठीत असते ना, कोणत्या दाराने आत यायचं, कितव्या मजल्यावर, आणि शक्य असेल तर फाटकावर कुणी भेटेल का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण नवा माणूस फाटकातूनच परत फिरतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या आजारांसाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक, जिथे मराठीतही बोलता येतं.

चर्चच्या हॉलमध्ये सभा आहे म्हटल्यावर काही घरांत शंका येते, की हे धर्माचं काम तर नाही ना. मुंबईत आणि गोव्यात अनेक सभा चर्चच्या आवारात भरतात हे खरं. जागा स्वस्तात मिळते आणि या कामाबद्दल त्या लोकांना आपुलकी आहे. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले, आणि योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. कृपाच्या केंद्रांत बारा पायऱ्या आणि योगासनं बरोबर चालतात. एए मात्र कुठल्याही पंथाशी, पक्षाशी, संस्थेशी बांधलेली नाही. पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो, तो ‘आपल्याला समजेल तसा’ अशा सवलतीसह. देव न मानणारे त्या जागी गटालाच ठेवतात. तरीही ते शब्द गळ्याखाली उतरत नसतील तर तसं सांगून बसावं, किंवा अमेरिकेत १९९४ पासून चाललेल्या स्मार्ट रिकव्हरीसारख्या, देवाचा विषयच न काढणाऱ्या गटांच्या ऑनलाइन सभा पाहाव्यात. आपल्याकडे त्या समोरासमोर फारशा भरत नाहीत.

आणि आपल्याकडे याहून जुनी एक वाट आहेच. ‘त्याने माळ घातली’ एवढं वाक्य गावात पुरतं. दारू सुटली हे वेगळं सांगावं लागत नाही. तुळशीच्या माळेने ज्यांची सुटली त्यांच्याकडे नीट पाहिलं तर माळेबरोबर त्यांना संध्याकाळचा हरिपाठ मिळालेला दिसतो, एकादशीचं भजन, दिंडीतली ठरलेली जागा, आणि न आल्यास ‘काल कुठं होता बुवा?’ असं विचारणारा विणेकरी. नुसती माळ घालून घरी बसलेल्याची माळ पुढच्या हंगामात खुंटीवर टांगलेली मी पाहिली आहे. गट लागतोच, त्याचं नाव काहीही असो.

शपथेने दारू का सुटत नाही, याचाही इथेच उलगडा होतो. आमच्या घरात भावाने किती शपथा घेतल्या! देवीसमोर, आईच्या पायावर, एकदा तर मुलाच्या डोक्यावर हात ठेवून. शपथ जन्मभराची असते, आणि मोडली की माणूस स्वतःच्या नजरेतून इतका उतरतो की तेच पुढच्या पेल्याचं कारण होतं. सभेत जन्मभराचं कुणी मागत नाही. ‘फक्त आजचा दिवस’, एवढंच. मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने हे शब्द मराठी घरांत पोचवले. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत त्यामागे होती. तिथून उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका भरतात. दाखल होऊन उपचार घेतलेल्याने आपल्या भागातली अशी बैठक आधी शोधावी, कारण तिथली भाषा त्याच्या अंगवळणी पडलेली असते.

श्रावणाचं एक वेगळंच आहे. ‘मी श्रावणात महिनाभर शिवत नाही, म्हणजे मला व्यसन नाही,’ हे वाक्य भाऊ दर वर्षी म्हणायचा, आणि आम्हीही त्यावर विश्वास ठेवायचो. पण श्रावणाच्या आदल्या दिवशीची गटारी अमावस्या कशी साजरी होते, आणि श्रावण संपायच्या आधीच माणूस तारखा कशा मोजू लागतो, हे पाहिलं की कळतं, महिनाभर तो दारूचीच वाट पाहत असतो. गटारी, धुळवड, एकतीस डिसेंबर, गावची जत्रा, मित्राच्या लग्नाची हळद, या दिवसांसाठी सभा आधीच हेरून ठेवावी. शाळेत भरणाऱ्या सभांची खोली सुट्टीत, परीक्षेत बंद असू शकते. मग त्या दिवशी कुठे बसायचं, हे आठवडाभर आधी विचारून ठेवायचं.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगते. रोज, खूप वर्षं पिणाऱ्याने सभा ऐकून, जोशात येऊन घरीच एकदम दारू बंद करू नये. आधी डॉक्टर. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत ताप, घाम, प्रचंड थरथर, नसलेले किडे-माणसं दिसणं, असं होऊ शकतं. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रीमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावूही शकतो. घरचे मात्र भूतबाधा समजून बसतात. काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व घेऊन हा टप्पा बहुतेकांना सुखरूप पार करता येतो. दुसरी सूचना त्या जाहिरातींबद्दल, ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ म्हणणाऱ्या. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेऊन दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावरही बेतू शकतं. ते माणसाला सांगून, तपासून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. भाजीत मिसळलेल्या पुडीत काय आहे हे देणाऱ्या बायकोला ठाऊक नसतं, आणि तिच्या असहायतेचा फायदा घेणाऱ्यांचा मला संताप येतो.

यावरून वाईट सभा ओळखायची एक खूण मिळते. ‘मानसोपचारतज्ज्ञाच्या गोळ्या म्हणजे दुसरं व्यसनच, टाकून दे’ असं कुणी म्हणालं तर ती जागा सोडावी. कोणत्याही सभासदाने डॉक्टरकी करू नये, ही एएची स्वतःची भूमिका आहे. एकाच माणसाचा शब्द चालतो, सभेतलं बाहेर चहाच्या टपरीवर बोललं जातं, पैसे किंवा कामं मागितली जातात, असं दिसलं तरी दुसरीकडे जावं. चांगल्या सभेची खूण तितकीच साधी: सभा संपल्यावर लोक लगेच पांगत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं फाटकाशी घोटाळतात, नव्याला फोन क्रमांक देतात, कुणीतरी त्याला गाडीवरून सोडतं. या गप्पा सभेइतक्याच कामाच्या असतात. पुढे त्यांतल्याच एखाद्याला नवा माणूस आपला स्पॉन्सर व्हायला सांगतो, म्हणजे रात्री अकराला पिण्याची ओढ झाली तर ज्याला बिनदिक्कत उठवता येईल असा.

याचा उपयोग खरंच होतो का, असं डॉक्टर मंडळी पूर्वी शंकेने विचारायची. मार्च २०२० मध्ये कॉक्रेन या संशोधनांची पारख करणाऱ्या संस्थेचा आढावा आला. जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेरी या तिघांनी २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्ण तपासले होते. एएकडे पद्धतशीर वळवणारे उपचार घेतलेल्यांत दारूपासून पूर्ण दूर राहणाऱ्यांचं प्रमाण इतर मान्य मानसोपचारांपेक्षा जास्त निघालं. केली यांच्या इतर कामातून कारणही पुढे येतं: सभेमुळे माणसाची ऊठबस बदलते, पिणाऱ्या मित्रांच्या जागी न पिणारे येतात. म्हणजे पुन्हा कुठे बसायचं, हाच प्रश्न. आणि गरज किती आहे? एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे, असं दिसलं. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता.

त्याच पाहणीत पिणाऱ्या बायकांचं प्रमाण १.६ टक्के होतं. पुरुषांनी भरलेल्या वर्गात एकटी बाई येऊन ‘मी अल्कोहोलिक’ म्हणेल, ही अपेक्षाच क्रूर आहे. पुरुषाला लोक बेवडा म्हणतात; बाईबद्दल काय बोलतात ते लिहवत नाही. म्हणून स्त्रियांसाठीच्या सभा शोधाव्यात, आणि जवळ नसतील तर ऑनलाइन. मुक्तांगणचा स्त्रियांसाठीचा ‘निशिगंध’ हा विभाग आहे. मिश्र सभेत गेल्यास स्पॉन्सर स्त्रीच असावी, हा नियम कुणी कितीही भला वाटला तरी मोडू नये. नव्या, मोडून पडलेल्या बाईशी नको तितकी जवळीक साधणारे पुरुष याही वाटेवर भेटतात.

कोविडच्या काळात खोल्या बंद झाल्या आणि सभा झूमवर गेल्या. त्यातल्या बऱ्याच तिथेही टिकल्या. परदेशातल्या मराठी माणसाला याचा मोठा आधार झाला. न्यू जर्सीत किंवा दुबईत इंग्रजी सभा हव्या तेवढ्या मिळतील, पण ‘आईला शेवटचं भेटायला गेलो तेव्हाही पिऊन होतो’ हे सांगायला मराठी सभा लागते, आणि ती आता मोबाइलवर मिळते. न्यू जर्सीतली सकाळ ही इथली संध्याकाळ, हे गणितही सोयीचं पडतं. तरी पडद्यावर माणसाला कॅमेरा बंद करून पेला हातात धरता येतो. जवळपास खोली असेल तर खोलीत जावं. पडदा दुसऱ्या सभेसाठी ठेवावा.

माझी भावजय सुरुवातीला प्रत्येक सभेबद्दल स्वतः चौकशी करायची, वेळापत्रक फ्रिजवर लावायची, त्याला उठवून पाठवायची. एकदा तिला कुणीतरी विचारलं, ‘‘त्याचं सगळं झालं, तुझी सभा कुठली?’’ ती त्या प्रश्नावर रडली. दारुड्याच्या घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अॅनॉन आहे, किशोरवयीन मुलांसाठी अॅलाटीन आहे, मुक्तांगणचा बायकांसाठीचा ‘सहचरी’ गट आहे. नवरा अजून पीत असेल, सभेचं नाव काढू देत नसेल, तरी तिने आपल्या गटात जायला हरकत नाही. त्याच्या सोडण्याची वाट बघत थांबायचं कारण नाही. माझी भावजय तिथे गेल्यावर पहिली गोष्ट शिकली ती त्याच्या साहेबांना ‘आज त्यांना ताप आहे’ असा फोन न करण्याची.

भावाची सोळाव्या महिन्यात स्लिप झाली. लग्नघरी एक पेला, मग चार दिवस. लाजेने तो सभेला गेला नाही, सभेचे दोन बुधवार तसेच गेले. तिसऱ्या मंगळवारी रात्री गटातला एक जण, तालुक्याच्या गावात सायकलदुरुस्तीचं दुकान असलेला, अकरा किलोमीटर मोपेडवर आला. ओसरीवर बसला. दारूबद्दल काहीच बोलला नाही. पाणी प्यायला, म्हणाला, ‘‘उद्या किटली तुझ्याकडे आहे, माझं दुकान उशिरा बंद होणार.’’ आणि गेला. दुसऱ्या दिवशी भाऊ साडेपाचलाच निघाला, दूध घेऊन. त्याची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. आताची नऊ वर्षं त्या बुधवारपासूनची.

वर्गाची किल्ली हल्ली त्याच्याकडे असते. सहा वाजता जाऊन तो बाक वळवतो, चहा ठेवतो, फळ्याला हात लावत नाही, आणि सव्वासहाला फाटकाशी जाऊन उभा राहतो. फोनवर कुणी येतो म्हटलेलं असतं. बरेचदा ते येत नाहीत. कधी रस्त्याच्या पलीकडे एखादा मोटारसायकल न बंद करता थांबलेला दिसतो, आणि भाऊ रस्ता ओलांडून त्याच्याकडे जातो.